पाणी प्यायला जायची मुभा

कमानीच्या चित्रात दोन्ही खांबांवर एकेक खेकडा बसवला होता. इतर गावांच्या कमानींवर तिथे सिंह असतात, म्हणून चित्रकाराने खेकड्यांनाही मान ताठ करून, छाती काढून बसवलं होतं. खेकड्याला मान नसते. पण कमानीला ती लागते, तेव्हा त्याने ती पदरची दिली होती. मधोमध उघडं पुस्तक, पुस्तकावर सूक्ष्मदर्शक, त्यामागून उगवणारा सूर्य, आणि सूर्याच्याही वर नाव: डॉ. यशोधरा ओव्हाळ.

"कसं काय वाटतंय, गुरुजी?" रूपालीने विचारलं. रूपाली टाकवे बुद्रुकची सरपंच. चौथीत ती माझ्या वर्गात होती, दुसऱ्या रांगेत, दाराजवळ.

"खेकडे जरा लठ्ठ झालेत."

"फायबरचे हायेत. बारीक केले तर वाऱ्यानं उडून जात्याल." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "नावाखाली दोन ओळी पायजेत. शास्त्रज्ञ, लोकनेत्या, बालसाहित्यिका, ते तर येतंयच. त्याच्या खाली कायतरी काळजाला भिडणारं. तुमी ज्येष्ठ साहित्यिक."

मी ज्येष्ठ आहे हे खरं. साठी उलटून गेली. साहित्यिक या शब्दाला मात्र पुरावा नाही. तरुणपणी मी कविता करत असे आणि त्या मासिकांकडून साभार परत येत असत. त्यातला आभाराचा भाग मी बरीच वर्षं खरा मानला.

मी टाकव्याला आलो होतो ते कमानीच्या निमित्ताने, पण कमानीसाठी नाही. माझ्या पिशवीत एक वही होती. तीन वर्षांपूर्वी यशोधराताई गेल्या, त्याआधी त्यांनी ती माझ्या हातात दिली होती. भातखाचरातल्या एका मादी खेकड्याची गोष्ट, बारा प्रकरणं. अकरा लिहून झालेली, बाराव्याला फक्त मथळा: 'पिल्लं गेल्यावर'. खाली कोरं पान. शेवट मी लिहायचा आणि चौथीच्या वर्गाला वाचून दाखवायचा. वर्गाने ऐकला तर पुस्तक छापायचं, नाही ऐकला तर नाही. ताईंची अट एवढीच होती. मी तो शेवट सात वेळा लिहिला होता. चौथीकडे जायचं धैर्य एकदाही झालं नव्हतं. आणि माझ्याखेरीज त्या पुस्तकाला दुसरं कुणी नव्हतं.

"ओळी देतो," मी रूपालीला म्हणालो, "पण आधी तासभर तुझ्या शाळेची चौथी दे."

"घ्या की. कमानीचं तेवढं इसरू नका."

शाळेची पायरी तीच आहे. मधोमध झिजलेली, बशीसारखी. व्हरांड्यात फरशी आली, भिंतीवर रंगीत बाराखडी आली, खिचडीचा वास तेवढा नवा. पण पायरीवर पाय ठेवला आणि त्या वासाखालून जुना वास वर आला. ओल्या गोणपाटाचा. पावसाळ्यात पोरं गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन यायची आणि व्हरांड्यातल्या खुंट्यांना ती टांगायची. चाळीस खोळी रांगेने ठिबकत. त्या ठिबकण्याच्या तालावर मी पाढे म्हणून घेत असे. तेरापासून पुढे ताल बिघडायचा, कारण तेराचा पाढा मलाही पक्का येत नव्हता.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. तळेगावहून सकाळच्या एसटीने यायचो. पिशवीत डबा, छत्री आणि मुलांना कधीही न दाखवलेली कवितांची वही. त्याच एसटीने एका श्रावणात ताई आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, पायात पुरुषी रबरी बूट, हातात झाकणाची बादली. बादलीत काहीतरी खरवडत होतं. कंडक्टरने तिचंही तिकीट लागेल म्हणून कुरकुर केली. ताई म्हणाल्या, "बारा वर्षांखालचे आहेत सगळे. अर्धं लागेल का?"

ताईंचे वडील घाटात रेल्वेचे गँगमन. ताईंचा जन्म लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतला, आजोळ टाकव्याचं. शिकून त्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मोठ्या पदावर पोचल्या होत्या. गोड्या पाण्यातले खेकडे हा त्यांचा विषय. ती नोकरी सोडून त्या मामाच्या घरी राहायला का आल्या, याची गावात चार कारणं सांगितली जात. चारही एकमेकांना खोडून काढणारी. मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही मला कधी विचारलं नाही, की एवढं वाचलेला माणूस तेराच्या पाढ्याला का अडखळतो.

गावाची सुरुवातीला थोडी निराशा झाली. रूपालीचे आजोबा धोंडीआबा पारावर सांगायचे, "डाक्टर हाय म्हनं. पन सुई टोचीत न्हाई. खेकड्याला ताप आला तर बघती."

ताई बांधाबांधाने हिंडायच्या. बिळं मोजायच्या, खेकडे धरायच्या, पाठीवर नखांच्या लाल रंगाने आकडा घालून सोडून द्यायच्या. कोण कुठून कुठे जातो ते कळावं म्हणून. भातलावणीच्या बाया कंबर मोडून वाकलेल्या असत, आणि मध्येच एखादी सरळ होऊन हाक मारायची, "ताई ओ, तुमचा सतरा नंबर काल आमच्या कालवनात गेला!" ताई वही काढून सतरासमोर नोंद करायच्या. चवीचा रकाना मात्र त्यांनी ठेवला नव्हता. बायांचं म्हणणं होतं, ठेवायला हवा होता.

एकदा धोंडीआबांनी अडवून विचारलं, "खेकडं बांधाला भोकं पाडत्यात, पानी वाहून जातं. तुमी म्हनता खेकडा चांगला. मंग बांध फुटतो तो कुनामुळं?"

"खेकड्यामुळेच."

आबा गांगरले. शिकलेला माणूस इतक्या सहज कबूल करतो, हे त्यांना नवीन होतं. "मंग मारायचे का?"

"अर्धे खा. बाकीचे राहू द्या. पोटाखाली पिल्लं असली तर सोडून द्या."

"ते आमी सोडतोच," आबा म्हणाले. "तुमी यायच्या आदीपासनं."

ताईंनी तेही वहीत लिहून घेतलं.

लिहिण्याचं वेड त्यांना केव्हा लागलं, ठाऊक नाही. एका बुधवारी त्या शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "मुलांसाठी गोष्ट लिहिली आहे. चौथीवर तपासून पाहायची आहे." तपासून हा शब्द मला खटकला. गोष्ट काय लघवी आहे? मी मोठ्या मनाने परवानगी दिली. मुलांसाठी लिहिणं म्हणजे ज्यांना मोठ्यांसाठी जमत नाही त्यांचा उद्योग, असं माझं तेव्हा मत होतं. मला कुणासाठीच जमत नव्हतं, पण मत होतं.

त्यांचा नियम एकच होता. वर्गापुढे उभ्या राहून त्यांनी तो सांगितला. "कंटाळा आला की उठायचं, बाहेर माठापाशी जायचं, पाणी प्यायचं. मला विचारायचं नाही, गुरुजींना विचारायचं नाही. तहान नसली तरी प्यायचं. मग वाटलं तर परत यायचं."

पाऊण तास त्यांनी वाचलं. एक पोरगं हललं नाही. बेचाळीस मांड्या, बेचाळीस हाताच्या घड्या. मी अभिमानाने भिंतीला टेकून उभा होतो. ताईंनी कागद मिटले, माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुम्ही यांना आधी काही सांगितलंत का?"

"थोडंसं. शिस्तीचं."

"काय सांगितलंत?"

मी फळा पुसायला वळलो. दाराजवळून रूपाली म्हणाली, "पावन्या बाई आल्यावर जो हलंल त्याचं तंगडं मोडीन."

ताई हसल्या नाहीत. "मग माझा प्रयोग वाया गेला. उद्या गुरुवारी पुन्हा येते. तुम्ही तेवढा वेळ बाहेर थांबा."

अशा रीतीने मी माझ्याच वर्गाबाहेर, माठाशेजारी उभा राहिलो. खिडकीतून ताईंचा आवाज येत होता. तिसऱ्याच मिनिटाला रूपाली बाहेर आली. जर्मनच्या पेल्यातून ती घटाघटा पाणी प्यायली. मग तिच्यामागे दोघं, मग पाच, मग रांगच.

"काय गं, गोष्ट आवडली नाही?"

"राजा लय बोलतोय," तोंड पुसत ती म्हणाली.

पुढच्या खर्ड्यात राजा नव्हता. इतक्या थोड्या पाण्यात राजा बुडाल्याचं उदाहरण इतिहासात नसेल.

त्यानंतर वर्षानुवर्षं गुरुवार हा ताईंचा वार. खर्ड्याच्या समासात त्या पेन्सिलीने आकडे घालत: पाणी ४, पाणी ९. कोणत्या ओळीला किती जण उठले, त्याची नोंद. एका जागी पाणी १४ होतं. ती ओळ मी सुचवली होती. त्यात सोनेरी किरणं होती, चादर होती, आणि ती चादर हिरव्यागार सृष्टीवर पसरली जात होती. घरी जाऊन मी माझ्या कवितांची वही काढली. समासात मनातल्या मनात आकडे घालू लागलो. एका कवितेला अख्खा माठ पुरला नसता. त्या रात्रीपासून मी मासिकांना पाकिटं पाठवणं थांबवलं. याचं दुःख झालं असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर पोष्टाच्या पाटीकडे न बघता एसटी धरता येऊ लागली, त्याचं सुखच जास्त होतं.

कार्तिकातले गुरुवार मला सगळ्यात जास्त आठवतात. आंबेमोहराची कापणी चाललेली असायची, आणि वाऱ्याबरोबर तो वास खिडकीतून आत यायचा, ताईंच्या वाक्यांच्या मधोमध. त्यांच्या अंगाला औषधी पाण्याचा एक जुनाट वास असे, प्रयोगशाळेतला, धुऊन न गेलेला. तो आणि भाताचा वास एकत्र झाला की पोरं आपोआप पुढे सरकायची. त्या दिवसांत माठ रात्रीपर्यंत भरलेला राहायचा.

त्या माठाविषयी ताई माझ्याशी एकदाच बोलल्या. त्यांची आई याच शाळेत दोन यत्ता शिकली. तेव्हा तिने माठाला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. कुणीतरी यावं, पेला उंच धरावा, तिने ओंजळ करावी. कुणी आलं नाही तर शाळा सुटेपर्यंत थांबावं. ताईंनी हे सांगितलं ते खेकड्याच्या कल्ल्यांविषयी सांगताना जो आवाज असे त्याच आवाजात. मग पेन्सिलीला टोक केलं आणि पुढचं पान काढलं. मला त्यांच्या नियमातला 'विचारायचं नाही' हा भाग त्या दिवशी कळला.

राजकारणात त्या कशा गेल्या, तेही मी कारणांसकट सांगू शकणार नाही. जागा बाईची झाली होती, आणि गावातल्या बाया एके सकाळी मामाच्या ओट्यावर जाऊन बसल्या, एवढं मी पाहिलं. जिल्हा परिषदेची निवडणूक. विरोधात एक वजनदार घराणं होतं, त्यांच्या जिपेला चार भोंगे. ताईंकडे एक सायकल आणि मी.

सभा शाळेच्या पटांगणात होती, भर दुपारी. उन्हं तापायला लागली होती. मांडव नव्हता. ताईंनी उभं राहून पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "माझं बोलणं कंटाळवाणं झालं तर उठा, तिथे माठ आहे, पाणी प्या. मला वाईट वाटणार नाही. कुठे उठलात त्यावरून माझं मला कळेल."

मी पेन्सिल घेऊन तयार होतो. ताई बोलत राहिल्या. त्यांनी कोणत्या ओढ्यावर पूल होऊ शकतो ते सांगितलं, कोणत्या ओढ्यावर होऊ शकत नाही तेही सांगितलं. निवडणुकीत ही दुसरी यादी सहसा वाचत नाहीत. एक तास गेला. सव्वा तास. ऊन टोप्यांवर, पदरांवर, डोळ्यांवर. लोकांचे ओठ सुकलेले दिसत होते. एकही माणूस उठला नाही. माझ्या समासात शून्यं. मला वाटलं, काय भाषण आहे!

तेवढ्यात पहिल्या रांगेतले धोंडीआबा बसल्या जागी आडवे झाले.

धावाधाव झाली. ताईंनीच माठातून पेला भरून आणला, आबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठांना लावला. पटांगणात एक क्षण सगळं थांबलं. ताईंच्या आईच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतणाऱ्यांतलं एक घर आबांचं होतं. पटांगणातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. आबा पेला रिता होईपर्यंत प्याले. मग म्हणाले, "आनखी."

"आबा, इतकी तहान होती तर उठला का नाहीत?"

"कसा उठू? आपल्या गावची लेक बोलतीया. मानसं म्हनली असती, आबाला कटाळा आला."

"आला होता का?"

आबांनी डोळे मिटले. "पुलांच्या यादीपासनं."

मागून कुणीतरी हसलं, मग सगळं पटांगण हसलं, आणि हसत हसत अख्खी सभा उठून माठाकडे गेली. माठ पुरला नाही. बायांनी घरून हंडे आणले. जो तो ज्याच्या त्याच्या हातून प्यायला. त्या दिवशी भाषण पुढे झालंच नाही. संध्याकाळी ताई माझ्या समासातली शून्यं बघत बसल्या होत्या. "मोठी माणसं साधन म्हणून बिनकामाची आहेत, गुरुजी. प्रेम करतात आणि आकडा बिघडवतात."

त्या निवडून आल्या. थोडक्याच मतांनी, पण आल्या. सत्काराला तालुक्याचे एक पुढारी आले. हारातून डोकं बाहेर काढून त्यांनी तो प्रसिद्ध किस्सा सांगितला: टोपलीत खेकडे ठेवले तर झाकण लागत नाही, एक वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात, तशी आपली मराठी माणसं. हा किस्सा ताईंनी तोवर बहुधा शंभर व्यासपीठांवर ऐकला असेल. उत्तराला उठल्यावर त्या म्हणाल्या, "मी वीस वर्षं खेकडे टोपलीत ठेवते आहे. खेकडा कुणाला खाली ओढत नाही. वर चढायला जे हाताला लागेल ते तो धरतो. समोर दुसऱ्याचा पाय असतो, म्हणून पाय. आणि मुळात त्यांना टोपलीत कुणी घातलं, हे त्या किश्श्यात कुणी विचारत नाही."

पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती स्तुती वाटली.

पाच वर्षं त्या जिल्हा परिषदेत होत्या. सभागृहात एका प्रश्नाला त्यांनी "मला माहीत नाही, पाहून सांगते" असं उत्तर दिलं, तेव्हा इतिवृत्त लिहिणारा कारकून थबकला होता म्हणे. हे वाक्य कोणत्या शीर्षकाखाली घालतात, ते त्याला ठाऊक नव्हतं. दोन पूल झाले. तिसरा झाला नाही, तो त्यांनी आधीच होणार नाही म्हणून सांगितला होता. दुसऱ्या निवडणुकीत त्या पडल्या. निकाल लागला त्या दिवशी गुरुवार होता. दुपारी त्या नवा खर्डा घेऊन शाळेत हजर. चौथीने त्यातही पाणी ६ दिलं. सहानुभूतीची लाट तिथपर्यंत पोचलेली नव्हती.

पुढे त्या वलवणला राहायला गेल्या, धरणाच्या अलीकडे, दोन खोल्यांत. तिथे त्यांनी नऊ पुस्तकं लिहिली. माझी बदली झाली, मी निवृत्त झालो, पण जात राहिलो. त्यांच्या खिडकीतून पाणी दिसायचं. धुकं उतरलं की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं, कळायचं नाही. रस्त्यावरून लोणावळ्याला निघालेल्या गाड्या जायच्या. एकेका गाडीतून एकेक गाणं खिडकीशी यायचं आणि अर्ध्यावर निघून जायचं. शेवटच्या भेटीत त्यांनी मला वही दिली.

"बारावं प्रकरण तुम्ही लिहा."

"मी? पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही."

"ठाऊक आहे. पण तुम्ही जन्मभर माझ्या समासातले आकडे पाहिलेत, गुरुजी. तुमच्या समासात एकदाही घालून घेतले नाहीत."

"आणि सगळी चौथी उठून गेली तर?"

"तर पुन्हा लिहा. मुलं कुठे जाणार आहेत? पाणी पिऊन परत येतात ती."

रूपालीने मला वर्गापाशी सोडलं. दारात ती थांबली. "गुरुजी, तुमाला कमान आवाडली न्हाई, व्हय ना?"

"ताईंना आवडली नसती."

"मला म्हाईताय. पन एक सांगा. आमच्या गावातली निम्मी पोरं सकाळी कंपनीच्या बशीत बसून नवलाख उंबऱ्याला कामाला जात्यात, सांजच्याला त्याच बशीनं येत्यात. पुस्तक कोन उघाडतंय? कमानीखालनं मात्र दिवसातनं दोनदा जातील. एखाद्या पोरीनं इचारलं, ही बाई कोन, तरी झालं की."

थाटामाटाची मी जन्मभर चेष्टा केली होती. या थाटाची मला करावीशी वाटेना. "मान तेवढी काढायला सांग," एवढंच म्हणालो. "खेकड्यांची."

"काडते."

वर्गात सतरा मुलं होती. नव्या बाई तरुण, भल्या. मी त्यांना बाहेर थांबायची विनंती केली आणि मुलांना नियम सांगितला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं. माठ केव्हाच गेला होता. प्रत्येकाच्या शेजारी स्वतःची बाटली होती, निळी, गुलाबी, एकीवर ससा. उठून जायची गरजच कुणाला नव्हती.

"ठीक आहे," मी म्हणालो. "कंटाळा आला की बसल्या जागी प्या."

मी वाचायला सुरुवात केली. ताईंचं अकरावं प्रकरण आधी वाचलं. आषाढातली ती मादी, बिळात, पोटाच्या झडपेखाली शंभरभर पिल्लं धरून बसलेली. मग पाणी वाढतं आणि ती झडप उघडते. एकही बाटली हलली नाही. ताई जाऊन तीन वर्षं झाली, तरी पाणी शून्य. मग मी पान उलटलं आणि माझं बारावं सुरू केलं.

पहिल्या वाक्याला ससा वर गेला. दुसऱ्याला दोन निळ्या. 'मातेच्या अंतःकरणात' इथपर्यंत आलो तेव्हा खिडकीकडची अख्खी रांग पीत होती. मी घाबरून घाईने वाचू लागलो. शेवटच्या वाक्यात ती माय रित्या पोटाशी पाय दुमडून, एकटीच, पावसाकडे पाहत राहिली होती. हे वाक्य सातही खर्ड्यांत होतं. त्यावर मी वलवणची आठवण काढून डोळे पुसले होते. वर्गात गटगट आवाज झाला. कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी संपलंही.

मी वही मिटली. पुढे बसलेली एक मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती. आखूड केस, गुडघ्याला चिखल वाळलेला. तिची बाटली बंद होती.

"नाव काय तुझं?"

"शिवन्या. सर, पन तिनं खाल्लं काय?"

"कुणी?"

"तिनं. खेकडीनं. पिल्लं पोटाखाली असली की ती भायेर येत न्हाई. खात न्हाई काय. माझी आज्जी म्हन्ती, त्या टायमाला हातात घेतली तर हलकी लागती. पोकळ."

"मग?"

"मग पिल्लं गेली की तिला भूक लागली असंल ना! लय."

"आदी खाईल," मागचा एक जण म्हणाला, "मग रडंल."

"खेकडी रडत न्हाई रे येड्या."

"सरांची रडती."

वर्ग हसला. मी जमिनीवर, त्यांच्यात, मांडी घालून बसलो. पिशवीतून पेन्सिल काढली आणि माझं दीड पान आडव्या रेघेने खोडलं. वाटलं होतं त्यापेक्षा रेघ सहज गेली. खाली लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "पिल्लं गेली. तिला सडकून भूक लागली होती."

कुणी बाटलीला हात लावला नाही.

"काय खाईल ती पहिल्यांदा?" मी विचारलं.

"शेवाळ."

"गोगलगाय! मऊ असती."

"आमच्या खाचरातलं कवळं रोप खाती ती," शिवन्या म्हणाली. "आज्जी वरडती तिला. पन एकच खाती. खाऊ दे की एक."

"किती लांब आहे तुमचं खाचर?"

"ओढ्यापासनं तीन बांध."

मी लिहिलं: "कोवळ्या रोपाचा वास येत होता. मध्ये तीन बांध होते. ती निघाली."

मी थांबलो. पुढचं मला सुचत नव्हतं. शिवन्याने वाट पाहिली. मग तिने माझा कोपर ढोसला, पेन्सिलीच्या हाताचा, आणि सरकून अशी बसली की वही दोघांना दिसावी.

"पयला बांध कसा चढली ते आदी लिवा," ती म्हणाली. "तितं आमी दगड लावलेत."